माझी तोटी कुणी उघडली नाही

मी उन्हातल्या चहाची बरणी. माझी कहाणी ऐकताना नाक दाबलंत तरी मला राग येणार नाही. मला नाक असतं तर मीही तेच केलं असतं.

माझ्या पोटावर एक पिवळाधमक सूर्य छापलेला आहे. त्याला डोळे आहेत, गुबगुबीत गाल आहेत आणि तो सारखा हसतो. त्या हसण्याची मला जन्मभर चीड आली. बाहेरून हा हसतोय आणि आत, चार बोटांवर, काय पिकतंय याची त्या मेल्याला गंधवार्ता नाही. लोकही त्याच्याकडेच बघायचे. “किती गोड बरणी आहे गं!” म्हणायचे आणि ग्लास पुढे करायचे.

माझा जन्म ओहायोतल्या एका काचकारखान्यातला. वाळूचं पाणी होतं अशा भट्टीतून मी आले. त्या धगीत कसलाही किडा, कसलीही बुरशी, कसलाही वास टिकत नाही. जगात माझ्याइतकं स्वच्छ त्या क्षणी दुसरं काही नव्हतं, हे मी फुशारकीनं सांगत नाही, रडून सांगतेय. मग मला साच्यात फुंकलं, गार केलं, आणि बुडापाशी एक भोक ठेवलं. त्या भोकात एका बाईनं पांढरी प्लॅस्टिकची तोटी बसवली, आतून रबराचा वायसर आणि नट घट्ट आवळला. माझ्या पोटात तिनं एक घडी घातलेला कागद टाकला. त्यावर लिहिलं होतं, की दर वेळी चहा संपला की तोटी खोलावी, गरम पाण्यानं आणि साबणानं धुवावी, वाळवावी, मगच परत लावावी.

तो कागद लक्षात ठेवा. त्याचं काय झालं ते सांगते.

मला विकत घेतलं क्लोव्हिस प्रुइटनं. आमच्या हॅमर क्रीकला, ओक्लाहोमाच्या कापसाच्या मुलखात, सरकी काढायच्या गिरणीवर तो यंत्रं दुरुस्त करायचा. हळू बोलणारा, मोठ्या हातांचा माणूस. दाराच्या बिजागऱ्या आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि मला काखोटीला मारून आला. त्याची बायको ओलीटा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“अगं, बघ काय आणलंय. चहाला आता चूल पेटवायला नको. सूर्य फुकट आहे.”

“सूर्य फुकटच असतो, क्लोव्हिस. त्याला बरणी कशाला लागते?”

पण ती हसली, हे मी पाहिलं. क्लोव्हिसनं माझ्या पोटातला कागद काढला, उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर बिजागरीच्या स्क्रूंची मापं लिहिली. दार बसल्यावर कागद चुलीत गेला. त्यावर काय छापलं होतं ते त्या घरात कुणीच वाचलं नाही.

आता माझं काम कसं चालायचं ते ऐका. सकाळी दहाला ओलीटा मला नळाखाली भरायची. चहाच्या आठ पिशव्या, त्यांचे दोरे एकत्र गाठ मारून, आत सोडायची. झाकण लावून मला व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवायची. ऊन सरकेल तसं मलाही सरकवायची. तीनच्या सुमाराला पाणी तांबूस व्हायचं, पावणेचारला पार लाल. मग दोन पेले साखर, ढवळणं, परसातला पुदिना, आणि बर्फानं भरलेल्या ग्लासांत माझी तोटी दाबायची.

दिसायला काय सुंदर! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ते पाणी कधी उकळत नाही. उन्हात ठेवलेलं पाणी तापून तापून किती तापणार? कोमट. बाळाला आंघोळ घालावी इतपत. भट्टीत जन्मलेली मी, आणि माझा सगळा जन्म त्या कोमटपणात गेला. घाणीला जगायला याहून सुखाची जागा नाही.

पहिल्या उन्हाळ्यात मी बरी होते. ओलीटा रोज मला पाण्यानं विसळायची. नुसत्या पाण्यानं हं, साबण नाही. तिच्या आईचा एक बिडाचा तवा होता. त्या तव्याला साबण लावायचा नाही, नाहीतर मुरलेलं तेल जातं आणि तवा मरतो, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिनं तोच न्याय मला लावला. अहो, मी काच! माझ्यात काय मुरणार? पण तिला सांगणार कोण?

आणि मग क्लोव्हिस ते वाक्य बोलला. दुसऱ्या उन्हाळ्यात, व्हरांड्यात बसून, ग्लास कपाळाला लावत.

“ओलीटा, गेल्या साली चहा नुसता चहा लागायचा. आता चव यायला लागलीय. या बरणीला कळायला लागलंय गं.”

त्या दिवसापासून माझं विसळणंही बंद झालं. उलट तळाशी दोन बोटं कालचा चहा ती मुद्दाम ठेवायची आणि त्यावर आजचं पाणी ओतायची. विरजणासारखं.

तोटीच्या आत काय झालं ते सांगताना मला आजही शिसारी येते. आधी एक पातळ बुळबुळीत थर बसला. मग तो जाड झाला. साखर त्याला रोज मिळत होती, ऊब रोज मिळत होती. वायसरच्या मागे काळपट साका जमला. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या तोटीत करड्या रंगाचं, लिबलिबीत, शेंबडासारखं काहीतरी राहायला आलं होतं, आणि मी घरातल्या प्रत्येकाला ते गाळून पाजत होते.

माणसं काही कमी हातभार लावत नव्हती. ओलीटाचा मुलगा वेल्डन, चांगला बावीस वर्षांचा घोडा, कुणी बघत नसलं की खाली वाकून थेट तोटीला तोंड लावायचा. त्याच तोंडात गालाआड तंबाखूची गोळी असायची. त्याचा कुत्रा पाठोपाठ यायचा आणि उरलेला थेंब चाटायचा. माझ्या झाकणाच्या आट्यांत मुंग्या मरून पडायच्या. त्या ओलीटा बोटाने झटकायची, आणि तेच बोट साखर विरघळली का बघायला आत. मग हीच मंडळी शेजारणीच्या घरी माशी दिसली तर नाक मुरडायची!

पाचव्या वर्षी सप्टेंबरात क्लोव्हिस गेला. गिरणीवरून दुपारी घरी आला, एक ग्लास चहा प्यायला, “जरा पडतो” म्हणाला आणि उठला नाही. त्याच्या छातीनं दगा दिला. माझा त्यात हात नव्हता, हे मी इथं सांगून ठेवते, कारण मला स्वतःलाच कधी कधी शंका यायची. ओलीटानं त्याचा ग्लास धुतला नाही बरेच दिवस. मला तर कुणी धुवायचं नावच काढायचं नाही असं झालं. त्याला आवडलेली चव माझ्यात होती. ती साबणाने गेली असती तर तिच्याकडे त्याचं दुसरं काय उरलं असतं? मला तिची कीव यायची. पण कीव आली म्हणून वास जात नाही.

अशी सहा वर्षं गेली. मग मार्गिट आली.

वेल्डन उत्तरेला पाइपलाइनच्या कामावर गेला होता. विस्कॉन्सिनहून तो तिला बायको करून घेऊन आला. उंच, लाल हातांची, कमी बोलणारी मुलगी. तिच्या बापाच्या गोठ्यात चाळीस गाई. दोघं अंगणापलीकडे ट्रेलरच्या घरात राहायला लागली. आमच्याकडच्या मानाच्या रीतीनं ती सासूला ‘मिस ओलीटा’ म्हणायची, तरी ओलीटाला ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. “यांकी आहे, उत्तरेकडची,” ओलीटा फोनवर नोव्हेला स्टॅग्जला म्हणाली. नोव्हेला म्हणजे तिची चर्चमधली मैत्रीण, अख्ख्या हॅमर क्रीकचं वर्तमानपत्र. “मक्याच्या पावात साखर घालते गं ती. केक करतेयस का, विचारलं मी.”

मार्गिटनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सूर्याकडे पाहिलंच नाही. ती वाकली आणि तोटी बघितली. तर्जनी तोटीच्या तोंडात घातली, बाहेर काढली, अंगठ्यावर घासली, नाकाशी नेली. तिचा चेहरा आंबला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खरं ओळखलं होतं. तुम्हाला सांगते, मला रडू येण्यासारखं झालं.

दुसऱ्याच दुपारी ओलीटा चर्चच्या कामाला गेल्याचं बघून मार्गिट आली. चुलीवर पाणी उकळत ठेवलं. साबण घेतला, बाटलीचा ब्रश घेतला. मला ओट्यावर आडवं केलं आणि आत हात घालून नट पकडला. नट हलला. खरंच हलला! एवढ्यात मागचं दार वाजलं. ओलीटा चष्मा विसरून गेली होती.

“ठेव ती खाली.”

“मिस ओलीटा, मी फक्त तोटी—”

“खाली ठेव म्हटलं ना.”

मार्गिटनं ठेवलं. “आमच्याकडे दुधाच्या कॅनची तोटी दिवसातून दोनदा खोलतात, मिस ओलीटा. नाहीतर दुधाला तार येते. आतून हिला—”

“ही काय तुझ्या बापाची गाय आहे? अकरा वर्षांची बरणी आहे ही. माझ्या नवऱ्याच्या हातची. तुझ्या साबणाचा एक थेंब तिच्या आत गेला असता ना, तर मी तुला या दारातून पुन्हा आत घेतलं नसतं.”

“घाण आहे आत.”

मार्गिटला गोड बोलायला येत नव्हतं, हा तिचा दोष. ओलीटा पांढरीफटक पडली. तिनं मला उचललं, छातीशी धरलं आणि व्हरांड्यात नेऊन ठेवलं. ब्रश कचऱ्यात गेला.

त्या दिवसापासून मार्गिट माझा चहा पिईना. सगळ्यांसमोर नळाचं पाणी प्यायची. ओलीटाच्या जिवाला ते लागायचं.

“एक घोट घे ना गं,” वेल्डन गयावया करायचा. “आईसाठी.”

“तूही घेऊ नकोस.”

“मी आयुष्यभर पितोय. काय झालंय मला?”

काय झालंय! दर जुलै-ऑगस्टात त्याचं पोट बिघडायचं. ओलीटाचंही. आधी दोष उन्हाला द्यायचे. आता घरात मार्गिट होती. तिची बटाट्याची कोशिंबीर खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी वेल्डन संडासातून बाहेर येईना, तेव्हा ओलीटानं फोन फिरवला. “नोव्हेला, कुणाला सांगू नकोस, पण तिच्या हाताला स्वच्छता नाही बघ.” संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. आणि मी कठड्यावर उभी, पोटात ते सगळं घेऊन, त्या सूर्यासकट हसत!

ऑगस्टचा तिसरा रविवार आला. त्या दिवशी गाव सोडून गेलेली सगळी माणसं आमच्या चर्चला परत येतात. डॅलसहून येतात, कॅलिफोर्नियाहून येतात. उपासना झाली की पेकनच्या झाडांखाली लांब टेबलांवर जेवण मांडतात. प्रत्येक बाई आपला हुकमी पदार्थ आणते. जिच्या हातावर भरवसा नाही, तिला “तू कागदी ताटं आण हं” असं गोड आवाजात सांगतात. त्या वर्षी मार्गिटला ताटं सांगितली, आणि बर्फ वाटायचं काम दिलं. ताटं म्हणजे काय, ते न समजण्याइतकी ती खुळी नव्हती. शनिवारी दुकानातून आणलेली ताटं तिनं ट्रेलरच्या पायरीवर ठेवली आणि किती तरी वेळ त्यांच्याशेजारी बसून राहिली.

चहा मात्र दर वर्षी ओलीटाचा. पहिला ग्लास सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला, असा तिथला रिवाज. त्या वर्षी तो मान झेटी आजीचा होता. एक्याण्णव वर्षांची, चिमणीएवढी. महिन्यापूर्वीच इस्पितळातून आली होती.

रविवारी काम नको म्हणून ओलीटानं मला शनिवारीच भरलं. शनिवारची दुपार उन्हात, रात्र व्हरांड्यात, रविवारची सकाळ गाडीच्या डिकीत. पारा बेचाळीसवर. माझ्या आत काय चाललं होतं ते मलाच बघवेना. तोटीतला तो करडा प्राणी सुटला होता आणि सगळ्या चहात हातपाय पसरत होता.

प्रार्थना झाली. ओलीटानं मला टेबलाच्या टोकाला ठेवलं. मार्गिट बाजूला बर्फाची पेटी घेऊन. झेटी आजी खुर्चीत, दोन्ही हात पुढे करून. “आण बाई लवकर. घसा वाळला माझा. क्लोव्हिसची बरणी ना ही?”

“त्याचीच, झेटी आजी,” ओलीटा म्हणाली आणि तिनं तोटी दाबली.

ग्लास भरला. तिनं बोट उचललं. धार थांबली, पण तुटली नाही. तोटीपासून ग्लासापर्यंत एक तार लोंबत राहिली. केसाहून जाड, चकचकीत, हलणारी. ओलीटा तेव्हा लोकांकडे बघून हसत होती. ती तार फक्त दोघींनी पाहिली, मी आणि मार्गिटनं.

“मिस ओलीटा,” मार्गिट अगदी हळू म्हणाली, “हा देऊ नका.”

“बर्फ टाक आणि बाजूला हो.”

“मिस ओलीटा, पाया पडते.”

“आज तरी माझं नाक कापू नकोस गं,” ओलीटा दातांमधून म्हणाली, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून.

मार्गिटनं त्या माणसांकडे पाहिलं. शंभर-सव्वाशे तर सहज असतील. ती ओरडली असती, “हा चहा नासलाय!” तर झेटी आजी वाचली असती, आणि ओलीटाचं नाव त्या झाडांखाली कायमचं संपलं असतं. तिला फक्त तोंड उघडायचं होतं. सहा महिन्यांचे सगळे टोमणे फिटले असते. मी तिच्या जागी असते तर ओरडलेच असते, आणि मजा बघितली असती.

तिनं काय केलं? बर्फ द्यायला म्हणून वळली, कोपरानं ग्लास उडवला, आणि तोल गेल्यासारखं करत दोन्ही हातांनी मला टेबलावरून ओढलं.

मी पेकनच्या मुळावर आपटले. काठापासून बुडापर्यंत एक लांब तडा गेला. तोटी निखळून गवतात पडली. अकरा वर्षांचं सगळं भडाभडा मातीत गेलं. दुखलं, पण सांगते, इतकं हलकं मला जन्मल्यापासून वाटलं नव्हतं.

“अगं बाई!” नोव्हेला किंचाळली. “हिच्या हाताला लोणी लागलंय की काय?”

“गोठ्यातून आलीय ना, लागलंच असेल,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

वेल्डनचे कान लाल झाले. “मार्गिट, काय केलंस हे?”

“हात घसरला,” ती म्हणाली.

“घसरला?” ओलीटाचा आवाज चिरकला. “तुला ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. माझ्या नवऱ्याची शेवटची वस्तू होती ती! झालं तुझं समाधान?”

मार्गिट ताटांचा गठ्ठा उचलून निघून गेली. ओलीटा गवतात गुडघ्यांवर बसली, रडत माझे तुकडे गोळा करायला. तुकडे नव्हतेच, मी अखंड होते, नुसती तडकलेली. तिनं तोटी उचलली, आणि मागच्या बाजूनं ते तिच्या तळहातावर ओघळलं.

गिळगिळीत, करडं, मधे काळे ठिपके. अंगठ्याएवढा गोळा. त्याच्यात एक मुंगी होती, आणि तंबाखूचा कण. ते हातावर पडूनही तोटीला चिकटून होतं, लांबत होतं, तुटत नव्हतं.

ओलीटाचं रडणं थांबलं. तिनं हाताकडे पाहिलं, मग झेटी आजीकडे, मग लांब चाललेल्या मार्गिटच्या पाठीकडे. तिला कळलं. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी तिला सगळं कळलं.

आणि तिनं मूठ मिटली. रुमाल काढला, मूठ त्यात पुसली, रुमाल पर्समध्ये कोंबला आणि उठून म्हणाली, “चला, लिंबूसरबत आहे ना? तेच घेऊ सगळे.”

माझ्या पोटात अकरा वर्षं जे साठलं त्याची मला किळस होतीच. पण त्या मिटलेल्या मुठीची आली तेवढी किळस मला कशाचीच आली नाही.

घरी येऊन तिनं मला ओट्यावर ठेवलं, शेजारी वर्तमानपत्रावर तोटी. वास घेतला. मग सिंकवर ओणवी होऊन ओकली, पार रिकामी होईपर्यंत. “क्लोव्हिस,” ती म्हणाली, “हे आवडायचं तुला?” रडता रडता ती एकदा हसलीसुद्धा. पण फोन उचलून नोव्हेलाला खरं सांगितलं? नाव नको. एक दिवस गेला, दोन गेले, तीन आठवडे गेले.

तोवर गावात नवा विनोद निघाला होता. मार्गिट दुकानात शिरली की कुणीतरी म्हणायचं, “काचेचं सामान वर ठेवा रे!” ती चर्चला येईनाशी झाली. व्हरांड्याच्या खिडकीतून ट्रेलरमधलं बोलणं मला ऐकू यायचं.

“थोडे दिवस घरी जाऊन येते, वेल्डन.”

“थोडे म्हणजे किती?”

सुटकेसची कडी वाजली.

गुरुवारी ओलीटाकडे बायकांची गोधडी शिवायची बैठक होती. पाच-सहा जणी व्हरांड्यात बसल्या होत्या, मधे केक. नोव्हेलानं पिशवीतून खोकं काढलं. “ओलीटा, आम्ही सगळ्यांनी मिळून आणलीय तुला.” खोक्यात माझ्यासारखीच बरणी. तोच सूर्य, तेच हसू. “आता हिला कुलपात ठेव हं. वेल्डनच्या बायकोच्या हाती लागू देऊ नकोस!”

सगळ्या हसल्या. आणि त्याच वेळी अंगणातून मार्गिट आली, हातात सुटकेस घेऊन. पिकअप अंगणात उभी होती. वेल्डन तिला बसला सोडायला निघाला होता. हसणं तिनं ऐकलं. पण थांबली नाही.

ओलीटा उठली. आत आली. मला उचललं, वर्तमानपत्रात बांधून ठेवलेली ती तोटी उचलली आणि बाहेर जाऊन दोन्ही केकच्या शेजारी ठेवली.

“वास घे, नोव्हेला.”

“अगं, केक आहे इथे—”

“घे म्हणते ना.”

नोव्हेलानं तीन आठवडे बंद राहिलेल्या त्या तोटीचा वास घेतला. तिचा केक अर्धा खाल्लेला होता. तो तिनं कसाबसा कठड्यापर्यंत नेला, आणि मग कठड्यापलीकडच्या गुलाबांवर सोडला.

“अकरा वर्षं मी हिला धुतलं नाही,” ओलीटा म्हणाली. “अकरा वर्षं तुम्ही सगळ्या हेच प्यायलात आणि मला म्हणालात, ओलीटा, तुझ्या चहाला कशी चव येते गं. ही अशी येते. पोटं बिघडली ती हिच्यामुळे. त्या पोरीच्या बटाट्यांमुळे नाही. आणि त्या रविवारी तिचा हात घसरला नव्हता. झेटी आजीच्या तोंडी हे जाऊ नये म्हणून तिनं पाडली. मला कळलं होतं. तिथेच कळलं होतं, नोव्हेला. मी तोंड शिवून बसले.”

दोघी तिघींनी आपल्या पोटावर हात ठेवला.

मार्गिट पिकअपच्या दाराशी उभी होती. ओलीटा नवी बरणी काखेत घेऊन पायऱ्या उतरली, पण शेवटच्या पायरीवर तिचे पाय अडले. तिथूनच म्हणाली, “मार्गिट, ही खोलतात कशी, दाखवतेस का मला?”

मार्गिटनं आधी पिकअपचं उघडलेलं दार लावलं. मग सुटकेस खाली ठेवली आणि आली. पायरीवर बसली, आत हात घातला. “नट इथे असतो. असा डावीकडे फिरवायचा, मिस ओलीटा. ओढायचं नाही.”

“तू फिरव.”

“नाही. तुम्ही फिरवा.”

सुटकेस अंगणात तशीच राहिली. दिवेलागणीला वेल्डननं ती उचलून ट्रेलरमध्ये नेली.

आता चहा चुलीवर उकळतात. मार्गिट उकळते, ओलीटा पिते आणि रोज कुरकुरते, “पहिल्यासारखी चव नाही बाई.” पहिल्यासारखी नाहीच येणार. पहिली चव काय होती ते पाहिलंय तिनं.

मला तिनं फेकलं नाही. उकळत्या पाण्यानं आणि साबणानं मला तीनदा घासलं, तड्यातून पाणी गळत होतं तरी. आता मी सिंकशेजारी उभी असते. पाणी माझ्यात ठरत नाही, म्हणून माझ्यात बाटलीचा ब्रश ठेवतात. ज्या ब्रशाची मी अकरा उन्हाळे वाट पाहिली, तो आता दिवसभर माझ्याच पोटात असतो. वास गेला, शेवाळ गेलं, आणि मी निकामी झाले. पोटावरचा सूर्य अजून हसतो. त्याचं मी आता फारसं मनावर घेत नाही.

क्लोव्हिस म्हणाला होता, या बरणीला कळायला लागलंय. मला कळतच होतं हो. माझं तोंड झाकणानं बंद होतं. पण ज्यांना तोंड होतं त्यांनी तरी काय केलं?

तुमच्याही घरात तोटीचं एखादं भांडं असेल. पाण्याचं, सरबताचं, कशाचंही. माझं एक ऐका. आज ते रिकामं करा आणि तोटी खोलून आत बघा. आणि घरात कुणी नवी आलेली तुमच्याआधी वाकून बघत असेल, तर तिच्या हातातला ब्रश काढून घेऊ नका.